ट्यूब बदलली तरी हवा जातेच? मग घोळ ट्यूबमध्ये नाही, गंजलेल्या रिममध्ये आहे

जूनचा पहिला पंधरवडा. धाराशिव जिल्ह्यात मृगाचा एखादा पाऊस पडून गेलेला असतो, सोयाबीनच्या पिशव्या घरात येऊन पडलेल्या असतात आणि रानात वाफसा कधी येतो याकडं सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. नेमकं त्याच सकाळी पत्र्याच्या शेडमधला मिनी ट्रॅक्टर एका बाजूला झुकलेला दिसतो. पुढचं चाक बसलेलं. मग चाक खोलायचं, मोटरसायकलवर आडवं टाकायचं आणि फाट्यावरचं पंक्चरचं दुकान गाठायचं. तिथला संवाद ठरलेला असतो.

"काय मामा, परत?"

"हवाच टिकना झालीय बघ. मागच्या आठवड्यात तूच नवी ट्यूब टाकलीस की."

"मग दुसरा काटा बसला असंल."

कधी खरंच काटा असतो. बांधाबांधावर बाभळी असलेल्या भागात काट्याला दोष देणं चुकीचं म्हणता येत नाही. पण तेच चाक, तोच त्रास आणि तोही महिन्यातून तिसऱ्यांदा होत असेल, तर काटा निर्दोष असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी बहुतेकदा ट्यूब बदलली जाते, टायर बदलण्याचा सल्ला मिळतो, पण ज्या लोखंडी कड्यावर हे सगळं बसवलेलं असतं त्या रिमकडं कुणी बघत नाही. रिम आतून गंजलेली असेल तर नवी ट्यूबही तिच्यावर घासून मरणारच.

आधी हे मिनी ट्रॅक्टर नेमके कोणते ते बघू. महिंद्राचा युवराज २१५ घ्या. १५ अश्वशक्तीचा. त्याला पुढं ५.२०-१४ आणि मागं ८.००-१८ मापाचे टायर येतात. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचात. त्याच कंपनीच्या जिवो २४५ ला पुढं ६.००-१४ आणि मागं ८.३-२४. कुबोटा, व्हीएसटी, स्वराज, कॅप्टन अशा कंपन्यांचेही लहान ट्रॅक्टर महाराष्ट्रात फिरतात. तुळजापूर, धाराशिव भागातल्या द्राक्षबागांमध्ये दोन ओळींच्या मधून ब्लोअर ओढत जाणारा हाच गडी. सोयाबीन-उसात आंतरमशागतीलाही तोच.

हे ट्रॅक्टर फक्त बागायतदारांकडं आहेत असंही नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठी सामाजिक न्याय विभागाची मिनी ट्रॅक्टरची योजना आहे. ९ ते १८ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि त्याची अवजारं, साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के रक्कम सरकारची आणि १० टक्के गटाची, अशी तिची रचना. आता गटाचा ट्रॅक्टर म्हणजे निदान दहा घरांचा ट्रॅक्टर. चालवायला सगळे, पण चाकातली हवा बघायची पाळी कुणाची, हे सहसा ठरलेलं नसतं. आणि चाक बसलं की दहाही जणांची पेरणी थांबते.

लहान टायरची आणखी एक अडचण आहे. त्यात हवाच कमी मावते. जी बारीक गळती मोठ्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला आठ-दहा दिवस कळणारही नाही, ती छोट्या टायरला दोन रात्रींत जमिनीवर आणते.

गंज नेमका करतो काय?

रिमवर टायर जिथं घट्ट बसतो, त्या टायरच्या कडेत पोलादी तारांचं कडं असतं. इंग्रजीत तिला बीड म्हणतात. शेजारच्या जिल्ह्याशी काही संबंध नाही. गोंधळ नको म्हणून इथं आपण तिला टायरची कडा म्हणू.

टायरची कडा आणि रिम यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. पावसाचं, धुण्याचं, चिखलाचं पाणी या फटीत ओढलं जातं. दिव्याची वात तेल ओढून घेते तसंच. बाहेरची रिम उन्हात तासाभरात वाळते, फटीतलं पाणी मात्र वाळत नाही. वरून काळ्या चिकट मातीचा लेप बसला की ओलावा आणखी टिकतो. म्हणून बाहेरून रंग शाबूत असलेली रिम टायर काढल्यावर आतून पापुद्रे सुटलेली निघते आणि मालक चकित होतो.

दुसरी गोष्ट, गंज जागा जास्त घेतो. लोखंडाचा गंज झाला की त्याचं आकारमान दुपटीच्या पुढं जातं, ओल्या फुगलेल्या गंजाचं तर सहापटीपर्यंत. म्हणजे रंगाखाली सुरू झालेला गंज फुगतो, रंगाला फोड येतो, फोड फुटतो आणि धारदार पापुद्रे उभे राहतात. ट्यूब असलेल्या टायरमध्ये हे पापुद्रे ट्यूबवर कानशीसारखे घासतात. ट्यूबलेस टायरमध्ये ते टायरच्या कडेला रिमपासून उचलून धरतात आणि त्या फटीतून हवा निसटते.

तुमच्या ट्रॅक्टरला यातला कोणता टायर आहे हे टायरच्या बाजूवरच कोरलेलं असतं, 'ट्यूब टाइप' किंवा 'ट्यूबलेस'. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टर टायरमध्ये ट्यूब असते. त्यामुळं यूट्यूबवर अमेरिकेतल्या लॉन ट्रॅक्टरचे व्हिडिओ बघून तसंच्या तसं करायला गेलं की फसायला होतं. तिथले छोटे टायर बहुधा ट्यूबलेस असतात. त्यांची गळती कडेतून, आपली बहुतेकदा ट्यूबमधून. गंज दोन्हीकडं असला तरी दुरुस्ती वेगळी.

धाराशिवमध्ये रिम लवकर का गंजावी?

हा काही समुद्रकिनारा नाही. पाऊसही बेताचा. पण ट्रॅक्टर काय काय अंगावर घेतो ते बघा.

द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण मारलं जातं. मोरचूद आणि चुना. दहावीच्या विज्ञानात मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा टाकायचा प्रयोग असतो, आठवतोय? थोड्या वेळानं खिळ्यावर तांबूस थर चढतो. द्रावणातलं तांबं बाहेर पडतं आणि खिळ्याचं लोखंड द्रावणात जातं. जुने बागायतदार बोर्डो नीट झालंय का हे बघायला त्यात विळा किंवा चाकू बुडवतात ते याच कारणानं. पात्यावर तांबूस थर आला म्हणजे चुना कमी पडला. आता असं चुना कमी पडलेलं मिश्रण किंवा टाकी भरताना सांडलेलं नुसतं मोरचुदाचं पाणी रिमवर उडालं, तर विळ्याचं होतं तेच रिमचं होणार. रंग जिथं खरवडलेला असेल तिथं आधी.

खतांचंही तसंच. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. क्लोराइड असलेलं कुठलंही मीठ ओलाव्यासोबत लोखंडावर राहिलं की गंजाचा वेग वाढतो. काही घरी ट्रॅक्टर गोठ्याला लागूनच उभा असतो. चाकाखाली शेण-मुताची ओल, तीही मीठ आणि अमोनियासकट. रिमसाठी याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही.

आणि मग टायरमध्ये भरलेलं पाणी. नांगरताना चाक फिरू नये, पकड मिळावी म्हणून मागच्या टायरमध्ये पाणी भरायची पद्धत जुनी आहे. व्हॉल्व्ह सगळ्यात वर आणून व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत पाणी भरलं की टायर साधारण ७५ टक्के भरतो, उरलेल्या जागेत हवा. लहान ट्रॅक्टरच्या एका मागच्या चाकातही मापाप्रमाणं ४० ते ७० किलो वजन यानं वाढतं. पाणी ट्यूबमध्ये आहे तोवर रिमला त्रास नाही. पण ट्यूबला टाचणीएवढं भोक पडलं की बोअरचं क्षारयुक्त पाणी ट्यूब आणि रिम यांच्यामध्ये झिरपत राहतं, ते बाहेर दिसत नाही आणि महिनोन्‌महिने तिथंच राहतं. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात आणि तिथल्या जुन्या ट्रॅक्टरच्या रिम त्यानं अक्षरशः जाळी पडून जातात. आपल्याकडं पाणी गोठायचा प्रश्नच नाही, तेव्हा मीठ-बीठ काही घालायची गरज नाही.

जाता जाता, ट्रॅक्टरला हवेचे टायर लागले तेच मुळी १९३२ मध्ये. अमेरिकेत फायरस्टोन कंपनीनं ॲलिस-चामर्स ट्रॅक्टरवर ते आणले. त्याआधी सरसकट लोखंडी चाकं. पंक्चर नावाची भानगडच नव्हती.

भोक कुठल्या बाजूला आहे ते बघा

सगळ्या दुरुस्तीतली ही सर्वात स्वस्त आणि सर्वात कामाची गोष्ट, म्हणून जरा सविस्तर.

टायर खोलण्याआधी खडूनं दोन खुणा करायच्या. व्हॉल्व्हसमोर टायरवर एक रेघ आणि टायरच्या बाहेरच्या बाजूला 'बाहेर' असं एक चिन्ह. मग ट्यूब काढायची, हवा भरायची, हौदात बुडवायची. बुडबुडे आले तिथं खूण. आता ती ट्यूब व्हॉल्व्ह जुळवून टायर आणि रिमशेजारी धरली की भोक नेमकं कशासमोर येतं ते कळतं.

भोक ट्यूबच्या बाहेरच्या घेरावर, म्हणजे नक्षीच्या बाजूला असेल तर काटा, खिळा, काच. टायरच्या आतून त्या जागी हात फिरवा (आधी फडकं, मग बोटं), टोक अजून तिथंच असेल. ते न काढता ट्यूब घातली की 'नवी ट्यूब पण खराब निघाली' असं होतं.

भोक आतल्या घेरावर, रिमच्या बाजूला असेल तर काट्याचा काही संबंध नाही. काटा तिथवर पोचूच शकत नाही. ट्यूबवर तपकिरी डाग आणि घासून खरखरीत झालेला पट्टा दिसला तर तो गंज. एकमेकांना समांतर दोन चिरा असतील तर ट्यूब टामीखाली किंवा रिम आणि टायरच्या कडेत चिमटली गेलीय. साप चावल्यासारख्या दिसतात त्या. आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलं असेल तर टायर रिमवर घसरतोय. हवा कमी ठेवून ओढकाम केलं की रिम फिरते, टायर जागेवर राहतो, मधल्या मधी ट्यूब ओढली जाते. याची आगाऊ सूचना चाक देत असतं. व्हॉल्व्ह भोकातून सरळ बाहेर यायच्या ऐवजी तिरपा दिसायला लागतो.

एक फसगत मात्र ध्यानात ठेवा. बसवलेल्या चाकावर साबणाचं पाणी टाकून बघितलं आणि रिमच्या व्हॉल्व्हच्या भोकातून बुडबुडे आले, म्हणजे व्हॉल्व्ह खराब असं नाही. ट्यूबमधून कुठूनही निसटलेली हवा टायरच्या पोकळीत येते आणि तिथून वाट मिळेल तिकडून बाहेर पडते. सगळ्यात सोपी वाट व्हॉल्व्हचं भोकच. व्हॉल्व्हची पिन गळतेय का हे बघायचं तर टोपण काढून फक्त तोंडावर साबणाचा थेंब टाकायचा. तिथं फुगा आला तर दोष पिनेचा. काही रुपयांचं काम.

रिम साफ करायची म्हणजे काय करायचं?

ट्रॅक्टर सपाट कडक जमिनीवर. दुसऱ्या चाकांना पुढून-मागून दगड. नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे, मग जॅक, आणि नुसत्या जॅकवर विसंबून खाली हात घालायचा नाही, लाकडी ओंडका घालायचाच. मागच्या चाकात पाणी असेल तर ते आधी काढा, नाहीतर घसरलेलं चाक माणसाला झेपत नाही. पूर्ण हवा सोडा, पिन काढूनच ठेवा.

टायर निघाल्यावर रिम आधी नुसत्या पाण्यानं धुवायची. मीठ, खत, बोर्डोचा अंश जो असेल तो पाण्यात जातो. तो न धुता घासत बसलं तर गंज जातो पण त्याला पोसणारं मीठ तिथंच राहतं. वाळली की तारेचा ब्रश. ग्राइंडरला तारेची वाटी लावली तर तासाभराचं काम, हातानं केलं तर अर्धा दिवस. ग्राइंडरची दगडी चकती मात्र टायरच्या कडेच्या जागेवर लावू नये. ती जागा ठरावीक मापाची असते, टायर तिथं आवळून बसतो. चकतीनं लोखंडच खाल्लं गेलं की टायर ढिला होतो आणि मग तो बिघाड रंगानं भरून येत नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच. तारेचे तुटलेले तुकडे सुईसारखे उडतात.

सगळ्यात जास्त गंज तीन जागी मिळेल. कडेची जागा, व्हॉल्व्हच्या भोकाचा काठ आणि आतून दिसणारा वेल्डिंगचा सांधा. व्हॉल्व्हचं भोक कानशीनं गोल आणि गुळगुळीत करून घ्यावं. तिथली धार व्हॉल्व्हचं रबर कापते.

घासल्यावर खोल खळग्यांत काळपट-तपकिरी गंज उरतोच. त्यावर फॉस्फोरिक ॲसिड असलेलं गंजरोधक द्रावण लावतात, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. ते उरलेल्या गंजाचं लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करतं. मग रेड ऑक्साइड किंवा झिंकचा प्रायमर आणि वर रंगाचे दोन पातळ हात. पातळ हे महत्त्वाचं. कडेच्या जागेवर जाड रंग थापला तर तो टायरच्या दाबाखाली सोलून निघतो आणि गंजासारखाच त्रास देतो. आणि रंग पूर्ण वाळू द्यायचा, निदान एक अख्खा दिवस. नेमकं इथंच सगळं बिघडतं. पेरणी थांबलेली असते, दुकानदाराला दुसरं गिऱ्हाईक असतं आणि ओल्या रंगावरच टायर चढतो.

म्हणून हे काम मृगात करायचं नाही. उन्हाळ्यात, मशागत उरकून ट्रॅक्टर उभा असतो तेव्हा. एप्रिल-मेच्या उन्हात रंग वाळायला फार वेळ लागत नाही.

घाईत असाल तर एक तात्पुरता उपाय चालतो. पापुद्रे घासून काढायचे आणि रिमच्या मधल्या भागावर जुन्या ट्यूबची रुंद पट्टी गोल गुंडाळून मग ट्यूब घालायची. पट्टी सपाट बसली पाहिजे, टोकं एकावर एक चढून जाड होता कामा नयेत. हंगाम निघतो, पण खालचा गंज चालूच राहतो.

बसवताना

टायरच्या कडेला साबणाचं पाणी लावा. डिझेल, जळकं ऑइल, ग्रीस नको, खनिज तेलानं रबर फुगतं आणि सडतं. ट्यूबला शंखजिऱ्याची पूड लावली की ती टायरला चिकटत नाही. ट्यूब आकार धरेल इतपतच हवा भरून आत सरकवा. टायर चढेना म्हणून दोन माणसं टामीवर लोंबकळताना दिसतात, तेव्हा बहुधा समोरच्या बाजूची कडा रिमच्या मधल्या खोल खाचेत ढकललेली नसते. ती पायानं खाचेत दाबून ठेवली की या बाजूला तेवढी ढील मिळते आणि टामी हलक्या हातानं चालते. ट्यूब चिमटण्याचं निम्मं कारण हेच.

हवा भरा, पूर्ण सोडा, परत भरा. पहिल्या भरण्यात ट्यूबला पडलेल्या घड्या यानं निघतात. टायरच्या बाजूवर रिमलगत एक बारीक उठावदार रेघ असते. ती रिमपासून सगळीकडं सारख्या अंतरावर आली म्हणजे टायर सरळ बसला. शेवटी कंपनीच्या पुस्तकात सांगितलेली हवा. ती चाक थंड असताना मोजायची, दुपारच्या उन्हात नाही. मागच्या दोन्ही चाकांत सारखीच हवी, नाहीतर ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो आणि तासं वाकडी जातात. चारही चाकांना जोर असलेला ट्रॅक्टर असेल तर पुढच्या-मागच्या टायरच्या मापाचं गणित गिअरशी जुळवलेलं असतं, तिथं कमी हवेचं चाक गिअरबॉक्सवर ताण आणतं. पहिल्या दिवसाच्या कामानंतर नट पुन्हा आवळायचे.

ट्यूबलेस असेल तर

चाक तसंच ठेवून दोन्ही कडांवर साबणाचं पाणी ओता. गंजाची गळती बारीक फेसाच्या पट्ट्यासारखी दिसते, एका भोकातून येणाऱ्या फुग्यासारखी नाही. रिम वर सांगितल्याप्रमाणंच साफ करायची, आणि टायरच्या कडेचं रबरही पुसून घ्यायचं, कारण गंजाचे कण तिथं चिकटलेले असतात. उथळ खळगे दोन भागांच्या इपॉक्सी लांबीनं भरून पॉलिश पेपरनं सपाट करता येतात. वरून कडेला लावायचं काळं रबरी सीलर मिळतं.

टायरमध्ये ओतायचं पंक्चररोधक द्रव रिमच्या गळतीवर फारसं भरवशाचं नाही. चाक फिरलं की ते बाहेर, नक्षीच्या बाजूला जाऊन बसतं. गळती आतल्या काठाला असते. शेवटचा मार्ग म्हणजे ट्यूबलेसमध्ये योग्य मापाची ट्यूब टाकणं. अनेक जण तेच करतात आणि ते चालतं, पण रिम न घासता टाकली तर आपण पुन्हा फाट्यावरच्या त्या दुकानात.

दोन गोष्टी ज्यात माणसं मरतात

पहिली, टायर चढलेला असताना रिमवर वेल्डिंग. रिमला तडा गेलाय, नट गंजून बसलाय, गॅसनं जरा तापवू, टायर कशाला उतरवायचा, हवा तर सोडलीय. हा विचार जीवघेणा आहे. तापलेल्या रिमनं आतलं रबर भाजतं, त्यातून ज्वालाग्राही वायू सुटतात, ते टायरच्या पोकळीत साठतात आणि पेट घेतात. हवा सोडलेली असली, पिन काढलेली असली तरी हे होऊ शकतं, कारण त्या बारीक भोकातून एवढा दाब वेळेत बाहेर पडत नाही. स्फोट गॅसची बत्ती बाजूला ठेवल्यानंतरही होऊ शकतो. म्हणून नियम सरळ आहे. रिमला आग लावायची तर टायर पूर्ण उतरवायचा, नुसता सैल करून भागत नाही.

दुसरी रील्सवर खूप चालते. कडा रिमवर बसत नाही म्हणून टायरमध्ये पेट्रोल किंवा स्प्रे मारायचा आणि काडी लावायची. धप्पकन आवाज होतो, टायर बसतो, लाइक मिळतात. त्यात किती दाब तयार होतो हे लावणाऱ्याच्या हातात नसतं. शेतीच्या टायरची कडा बसवताना ३५ पीएसआयच्या (दुकानातल्या भाषेत ३५ पौंडांच्या) पुढं जाऊ नये असा सर्वसाधारण नियम आहे. तेवढ्यात किती जोर असतो? १८ इंची रिमवरच्या छोट्या टायरची एक बाजू साधारण ४५० चौरस इंच धरा. गुणिले ३५. सुमारे पावणेसोळा हजार पौंड, म्हणजे सात टनांच्या आसपास. एका छोट्या टायरच्या एका बाजूवर. गंजून पातळ झालेली रिम किंवा टायरच्या कडेतली तार यापुढं तुटली तर काय उडेल याचा अंदाज करा.

कडा बसत नसेल तर टायरच्या घेराला मधोमध दोर बांधून काठीनं पीळ द्यावा किंवा रॅचेटचा पट्टा आवळावा. कडा बाहेर फाकतात, रिमला टेकतात आणि हवा धरायला लागते. थोडी हवा धरली की पट्टा लगेच काढायचा. लांब नळी वापरायची आणि टायरच्या बाजूसमोर वाकून बसायचं नाही, नक्षीच्या दिशेला लांब उभं राहायचं. ३५ पर्यंत बसला नाही तर हवा सोडून, साबण लावून पुन्हा.

रिम टाकून कधी द्यायची?

घासलेल्या रिमला स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं जोर लावून टोचा. टोक आत गेलं किंवा पत्रा दबला तर ती संपली. टायरच्या कडेच्या जागेवर आरपार भोक, बाहेरचा काठ फाटलेला, व्हॉल्व्हच्या भोकापासून किंवा मधल्या डिस्कच्या बोल्टपासून निघालेला तडा, यावर ठिगळ लावून उपयोग नाही. बऱ्याच ट्रॅक्टरची मागची डिस्क आणि रिम बोल्टनं जोडलेली असते, त्यामुळं नुसती रिमही बदलता येते. जुनी घ्यायची तर घेण्याआधी आतून घासून बघा, वरच्या रंगावर जाऊ नका.

सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत परांडा, भूम भागात पाणी वस्त्यांमध्ये शिरलं. असं पाण्यात उभं राहिलेलं मशिन नंतर इंजिनच्या दृष्टीनं तपासलं जातं. तेल बदलतात, डिझेलची टाकी साफ करतात. चाकं धुऊन ट्रॅक्टर कामाला लागतो. पण पुराचं गाळाचं पाणी टायरच्या कडेमागं आणि व्हॉल्व्हच्या भोकातून ट्यूबखाली गेलेलं असतं आणि ते धुण्यानं निघत नाही. हवा अजून टिकून असली तरी अशा चाकांचे टायर एकदा उतरवून रिम वाळवून घ्यायला हव्यात. व्हॉल्व्ह सहजासहजी हलत नसेल, त्याच्या बुडाशी तपकिरी पाण्याचा ओघळ दिसत असेल, तर ते चाक आधी घ्या.